जुनं लायनोटाइप घ्यावं का? नाशिकच्या छापखानेवाल्यांसाठी परीक्षण

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. लायनोटाइप म्हणजे वितळलेल्या धातूतून छपाईची अख्खी ओळ एका तुकड्यात ओतणारं यंत्र. यंत्र म्हणून त्याला पाचपैकी साडेचार गुण. इंग्रजी मजकुरासाठी चार. मराठीसाठी अडीचच्या वर आम्ही जाणार नाही, आणि तेही सोबत मिळणारा पितळी मातृकांचा, म्हणजे अक्षर खोदलेल्या तुकड्यांचा (मॅट्रिक्सचा), संच धड असेल तरच. संच झिजलेला असेल तर मशीन फुकट मिळालं तरी महागात पडेल.

ज्यांच्याकडे ट्रेडल किंवा सिलिंडर छपाईयंत्र अजून चालू आहे, खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायला माणूस मिळत नाही, आणि कोणीतरी 'एक लायनो पडून आहे, घेता का' असं विचारलेलं आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे. मुद्रणाच्या विद्यार्थ्यांना दाखवायला मशीन हवं असेल तर हिशेब वेगळा. तिथे चार ओळी ओतून दाखवल्या तरी भागतं. नाशिकला छपाईचं गाव म्हणतात ते नाशिकरोडच्या नोटा-मुद्रांकांमुळे, पण त्या कामाचा या यंत्राशी फारसा संबंध नाही. तेव्हा तिकडचा जुना माणूस सापडला म्हणून लायनोचा मेकॅनिक सापडला असं समजू नका.

मशीन काय करतं ते थोडक्यात. ऑपरेटर ९० कळांच्या कीबोर्डसमोर बसतो. कळ दाबली की वरच्या उतरत्या मॅगझिनमधून त्या अक्षराची मातृका सुटते आणि पट्ट्यावरून घरंगळत असेंब्लरमध्ये येऊन उभी राहते. शब्द संपला की स्पेसबँड, म्हणजे दोन तुकड्यांची पोलादी पाचर. ओळ भरत आली की उजवीकडचा दांडा दाबायचा. पुढचं सगळं मशीन आपलं आपण करतं. ओळ व्हाइसच्या दोन जबड्यांमध्ये उतरते, खालून पाचरी वर ढकलल्या जातात आणि ओळ दोन्ही कडांना घट्ट भिडते. मग पॉट, म्हणजे वितळलेल्या धातूचं भांडं, पुढे येऊन साच्याला टेकतो, प्लंजर, म्हणजे पंपाचा दट्ट्या, खाली जातो, वितळलेला धातू साच्यातून मातृकांवरच्या खोदीव अक्षरांत शिरतो आणि लगेच गोठतो. साच्याची डिस्क फिरते, सुऱ्या स्लगचा, म्हणजे ओतलेल्या ओळीचा, तळ आणि बाजू तासतात, अख्खी ओळ एका तुकड्यात गॅलीवर, म्हणजे ट्रेवर, पडते. तिकडे वापरलेल्या मातृका वर उचलल्या जातात. प्रत्येकीच्या डोक्यावरच्या खाचेत दातांच्या सात जागा असतात. कुठले दात ठेवले नि कुठले कापले यावर ती डिस्ट्रिब्युटर बारवरून कुठे सुटायची ते ठरतं, आणि ती बरोबर मॅगझिनमधल्या आपल्याच चॅनेलमध्ये, म्हणजे खोबणीत, जाऊन पडते. मिनिटाला सहा ओळी हा मशीनचा नेहमीचा वेग.

बाल्टिमोरमध्ये स्थायिक झालेल्या ऑटमार मर्गेनथालर या जर्मन घड्याळजीचं हे डोकं. ३ जुलै १८८६ रोजी न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये मशीन कामाला लागलं. न्यूयॉर्क टाइम्सने गरम धातूची जुळणी जुलै १९७८ मध्ये थांबवली. इतकी वर्षं टिकलेल्या यंत्राच्या लोखंडात खोट काढण्याचं कारण नाही. बीड आणि पोलाद आजही तसंच आहे. खोट निघते ती दुसरीकडे.

घेण्यापूर्वी काय पाहायचं

विकणारा मोटर चालू करून दाखवतो, कॅम फिरतात, एलिव्हेटर खाली-वर होतो आणि बघणारा खूश होतो. यातून काहीच कळत नाही. कॅम, गिअर, क्लच, कीरॉड यांतलं जे बिघडलं असेल ते अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या बऱ्या टूलरूममध्ये नमुना दिला की करून मिळेल. कीबोर्डचे रबरी रोल छपाईचे रोलर भरणारा भरून देईल. पॉटचा हीटर गेला असेल तर इंडस्ट्रियल हीटर बनवणारा नवा गुंडाळून देईल, आणि जुन्या थर्मोस्टॅटच्या जागी के टाइप थर्मोकपल आणि डिजिटल कंट्रोलर बसवला तर मूळ व्यवस्थेपेक्षा चांगलंच काम होतं. मातृका मात्र कोणी करून देणार नाही. तांबट लेनमध्ये पितळेचं म्हणाल ते घडवून मिळेल, पण हजारांश इंचात बसणारी, सात दातांची, बाजूला अक्षर खोल खोदलेली मातृका हे ते काम नव्हे.

म्हणून पहिली मागणी करायची ती मॅगझिन उघडून दाखवण्याची. सगळ्यांत जास्त वापरात असलेल्या अक्षरांच्या, म्हणजे काना, र, त, न, य यांच्या मातृका काढा. दोन-दोन जोडून उजेडाकडे धरा. अक्षराच्या खोदाईच्या दोन्ही बाजूंना पितळेची पातळ भिंत असते. ती चेपलेली किंवा तुटलेली असेल तर ओतताना धातू त्या फटीत शिरतो आणि छपाईत अक्षरांच्या मध्ये केसासारख्या उभ्या रेघा उमटतात. जुनी लायनोवरची वर्तमानपत्रं भिंगाखाली धरली तर या रेघा सहज दिसतात. एकदा भिंत गेली की दुरुस्ती नाही. ती मातृका बाजूला काढायची, एवढंच हातात असतं. मातृकेचे कान, म्हणजे वर-खाली बाहेर आलेले टोकाचे भाग, गोलाटले असतील तर अक्षर ओळीत वर-खाली बसतं. मराठीत ते ताबडतोब डोळ्यांत येतं, कारण शिरोरेषा पायऱ्यांसारखी दिसते.

दुसरी वस्तू स्पेसबँड. पंचवीस-तीस नग असतात. पाचरीवरून सरकणारा लहान तुकडा ओतण्याच्या ठिकाणी साफ आहे का ते बोटाने चाचपून पाहा. तिथे धातूचा कण चिकटून राहिला की तोच कण प्रत्येक ओळीत शेजारच्या मातृकेच्या भिंतीवर दाबला जातो. निष्काळजी छापखान्यात मातृका म्हातारपणाने जात नाहीत, घाणेरड्या स्पेसबँडमुळे जातात. ज्याच्या स्पेसबँडवर शिशाची खपली आहे त्याच्या मातृका पाहण्याचे कष्टही घेऊ नका.

आता पॉट तापवा. विकणारा 'आधीच तापवून ठेवलाय' म्हणाला तर दुसऱ्या दिवशी थंड पॉटपासून सुरुवात करायला सांगा. गार पॉट कामाच्या तापमानाला यायला तासभर तरी जातो, आणि त्या तासात क्रूसिबलला, म्हणजे पॉटच्या आतल्या भांड्याला, तडा असेल तर खाली धातूचे थेंब दिसतात. पॉटखाली जुना गोठलेला ओघळ दिसला तर तो कधीचा, हे विचारण्यात अर्थ नाही. उत्तर नेहमी 'फार जुना' असंच येतं.

मग वीस ओळी ओतून घ्या. दहा पूर्ण भरलेल्या, दहा थोडीच अक्षरं आणि बाकी क्वाड (कोऱ्या जागेच्या मातृका) अशा. मायक्रोमीटर खिशात हवा. स्लगची उंची ०.९१८ इंच, म्हणजे २३.३ मिलिमीटर. ही इंग्रजी-अमेरिकन खिळ्याची उंची; तुमचे जुने खिळे नि ब्लॉक (चित्रांचे ठसे) याच उंचीचे असतील तरच ते स्लगबरोबर एका फर्म्यात, म्हणजे एकत्र छापायला बांधलेल्या जुळणीत, चालतील. जाडी दोन्ही टोकांना मोजा: १२ पॉइंटची स्लग ०.१६६ इंच, १० पॉइंटची ०.१३८ इंच. एका टोकाला जास्त नि दुसऱ्याला कमी आली तर बाजूच्या सुऱ्या तिरक्या लागल्या आहेत किंवा साच्याच्या कडेला धातू चिकटलाय. पहिलं पाच मिनिटांत लागतं, दुसऱ्याला साचा उघडावा लागतो. उंची कमी-जास्त होत असेल तर मागच्या सुरीकडे पाहा. तळ पोकळ किंवा फेसाळ असेल तर घाबरू नका, ते बहुधा तापमानाचं किंवा प्लंजरचं दुखणं असतं.

धातू

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात. लायनोचा धातू म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचं मिश्रण: ८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील. हे प्रमाण उगाच आलेलं नाही. याच प्रमाणात मिश्रण सुमारे २४० अंश सेल्सियसला एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. मधली लगद्यासारखी अवस्था येत नाही. मिनिटाला सहा ओळी ओतायच्या तर हेच हवं. नुसतं शिसं ३२७ अंशांना वितळतं, शिवाय मऊ असतं. अँटिमनीने कडकपणा येतो, कथलाने धातू अक्षराच्या बारीक कोपऱ्यांत शिरतो.

पॉटमध्ये तापमान २८० ते २९० अंशांच्या दरम्यान ठेवा. थंड असेल तर अक्षराचा चेहरा बोथट, सुरकुतलेला येतो आणि माऊथपीसची, म्हणजे पॉटच्या तोंडाची, भोकं बुजू लागतात. जास्त गरम असेल तर स्लगचा तळ पोकळ येतो, स्लग साच्याला चिकटते, कधी बाहेरच पडत नाही. चेहरा खराब तर थंड, तळ खराब तर गरम, हा पहिला अंदाज. तापमान बरोबर असूनही तळ पोकळच येत असेल तर प्लंजर झिजलाय किंवा त्याच्या विहिरीत मळी साचली आहे. माऊथपीसवरच्या हवा जायच्या बारीक खाचा बुजल्या तरी हेच होतं.

किती धातू लागतो त्याचा हिशेब. १२ पॉइंट, २० एम (एम हे छपाईतलं रुंदीचं माप) रुंदीची भरीव स्लग साधारण ८५ ग्रॅमची. ३० ओळींचं पान अडीच किलोच्या वर. १६ पानांचा फर्मा बांधून ठेवायचा तर ४० किलो नुसता उभा राहतो. पॉटमध्ये मावतो पंधराएक किलो. पूर्ण वेगाने ओतलं तर तासाला ३० किलो जातो, म्हणून सतत भर घालावी लागते. मोठी वीट एकदम टाकली की तापमान घसरतं आणि पुढच्या दहा ओळी वाया जातात. लहान विटा, थोड्या-थोड्या वेळाने. सुरुवातीला २०० किलोपेक्षा कमी साठा असेल तर पुस्तकाचं काम घेऊ नका.

भंगारातून शिसं उचलू नका, हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. बॅटरीच्या शिशात कथील जवळजवळ नसतं, आणि नव्या मेंटेनन्स-फ्री बॅटऱ्यांच्या शिशात कॅल्शियम असतं. पॉटवर त्याची मळी येत राहते. त्याहून वाईट जस्त. जुने छपाईचे ब्लॉक जस्ताचे असत. एक जरी चुकून वितळायच्या भांड्यात गेला तर सगळा धातू जड, दाटसर होतो आणि अक्षर भरत नाही. पॉटमध्ये पडलेली पितळी मातृकासुद्धा तेच करते, कारण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त.

वापरून झालेल्या स्लग थेट पॉटमध्ये टाकायच्या नाहीत. वेगळ्या कढईत वितळवा, फ्लक्स (धातू साफ करणारी पूड) टाका, ढवळा, वरची राखाडी मळी काढा, विटा ओता. दर वेळी मळीबरोबर कथील आणि अँटिमनी थोडं-थोडं जातं, म्हणून अधूनमधून नमुना तपासून भर घालावी लागते. १०० किलो धातूत कथील ३ टक्क्यांवर आलं असेल तर ४ वर न्यायला जेमतेम एक किलो कथील लागतं. तपासणी कुठल्याही धातुपरीक्षण प्रयोगशाळेत होते. अंबडच्या फौंड्र्यांना ती नेहमीच लागते, त्यामुळे शहरात सोय आहे.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर विटा जमिनीवर ठेवू नका. गार विटेवर दमट हवेचं पाणी धरतं, आणि पाण्याचा थेंब धातूच्या पृष्ठभागाखाली गेला की त्याची वाफ होऊन धातू उसळून बाहेर येतो. वीट आधी पॉटच्या काठावर ठेवून पूर्ण कोरडी, गरम होऊ द्यायची, मगच आत सरकवायची. ओला चिमटा, ओला डाव, तेच.

रोजची निगा आणि रोजची दुखणी

दिवसातून एकदा सगळे स्पेसबँड काढून कोरड्या ग्राफाइटवर घासायचे. तेल अजिबात नाही. मॅगझिनमध्येही तेल नाही. तेलावर धूळ बसते, मातृका चॅनेलमध्ये अडकते आणि कळ दाबूनही अक्षर येत नाही. प्लंजर रोज काढून ब्रशने साफ करायचा, आणि हे मशीनपाशी नाही, बाहेर झाकणाच्या पेटीत. २८० अंशांना शिशाची वाफ होण्याची फारशी भीती नसते. विष पोटात जातं ते या करड्या भुकटीतून आणि न धुतलेल्या हातांतून. चहाचा कप मशीनवर नको, तंबाखू मळायची तर बाहेर जाऊन, हात साबणाने धुऊन. पायात चपला नकोत, बूट हवेत, त्याचं कारण पुढे आहे.

एका कळेला दोन अक्षरं पडतात किंवा एकही पडत नाही? रबरी रोल गुळगुळीत झालेत किंवा फुगलेत, नाहीतर त्यावर टेकणारा छोटा कॅम मळलाय. एकाच कळेचं दुखणं असेल तर कॅम, सगळ्याच कळांचं असेल तर रोल. डिस्ट्रिब्युटर वारंवार थांबतो? कुठलीतरी मातृका वाकलेली आहे. तो थांबला की जोर लावायचा नाही. क्लच सोडायचा, स्क्रू हाताने मागे फिरवायचे, अडकलेली मातृका काढायची आणि ती परत मॅगझिनमध्ये न टाकता वेगळ्या डबीत ठेवायची. नवशिके तीच पुन्हा आत सोडतात आणि दिवसभर मशीनला शिव्या देतात.

सगळ्यांत भीतीदायक प्रकार म्हणजे शिसं उडणं. ओळ सैल राहिली, पाचरी वर जाऊनही जबड्यांपर्यंत पोचली नाही, आणि तरी प्लंजर खाली गेला, तर वितळलेला धातू फटीतून बाहेर फवारतो. हे होऊ नये म्हणून मशीनमध्ये पंप-स्टॉप असतो. ओळ पुरती भरली नसेल तर तो प्लंजरला अडवतो. जुन्या मशीनवर हा स्टॉप बिघडलेला किंवा कोणीतरी काम उरकायला बांधून ठेवलेला सापडतो. घेताना मुद्दाम अर्धी ओळ पाठवून पाहा, दोन पावलं बाजूला उभं राहून. प्लंजर खाली गेला तर स्टॉप लावून मिळेपर्यंत व्यवहार नाही. उलट बाजूला ओळ जास्त भरली तर ती जबड्यांत बसत नाही, व्हाइसचा सेफ्टी मशीन थांबवतो. तिथे दांडा दामटला की मातृकांचे कान जातात.

शिसं उडालंच तर मोटर बंद, थंड होऊ द्या, आणि गोठलेला धातू पितळी पट्टीने सोडवा. स्क्रूड्रायव्हरने साचा खरवडलेला असेल तर तो ओरखडा पुढच्या प्रत्येक स्लगवर दिसत राहतो.

वीज जाण्याचा प्रश्न वेगळा. पॉट साच्याला टेकलेला असताना वीज गेली तर माऊथपीसमधला धातू काही मिनिटांत गोठतो आणि पॉट-साचा एकमेकांना चिकटतात. तेव्हा हाताने मशीन फिरवून पॉट मागे घ्यायचा, हे प्रत्येक ऑपरेटरला अंधारातसुद्धा करता आलं पाहिजे. इन्व्हर्टर हीटरला पुरणार नाही, मोटरला पुरला तरी काम होतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ दहा अंशांच्या खाली जाते तेव्हा साचा इतका गार असतो की पहिल्या काही स्लगचा चेहरा भरत नाही. त्या तशाच परत वितळवायला टाकायच्या, तापमान वाढवायचं नाही.

मराठीचं काय

इथे गुण कापले गेले, आणि त्याचा दोष मशीनचा नाही. हाताने जुळवायच्या देवनागरी केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, काही शे वेगवेगळे खिळे असतात. लायनोला मुख्य मॅगझिनमध्ये ९० चॅनेल. बाजूचं जास्तीचं मॅगझिन असलं तर आणखी ३४. बाकीची जोडाक्षरं हाताने खोचावी लागतात. भगूरच्या सावरकरांनी लिपिशुद्धीत अि, अु, अे अशी बाराखडी सुचवली त्यामागे छपाईची हीच अडचण होती: इ, उ, ए यांना वेगळा खिळा नको, अ ला वेलांटी-उकार लावून भागवा. तशी छपाई झालीही, पण रूढ झाली नाही.

संख्येपेक्षा मोठी अडचण जागेची. हाताच्या डिग्री टाइपमध्ये मात्रा, अनुस्वार, रफार वेगळ्या खिळ्यांवर असतात आणि अक्षराच्या डोक्यावर रचता येतात. लायनोच्या ओळीत प्रत्येक मातृका शेजारी-शेजारी उभी राहते; एकीवर दुसरी चढत नाही. मग मात्रा अक्षराच्या डोक्यावर न येता उजवीकडे सरकते, उकार दांड्याच्या पुढे लटकतो, ऱ्हस्व वेलांटीची कमान पुढच्या अक्षरावर पुरती पोचत नाही. लायनोवरचं जुनं मराठी एका नजरेत ओळखू येतं ते यामुळेच. वाचायला अडत नाही. पण लग्नपत्रिकेच्या गिऱ्हाइकाला दाखवा, तो म्हणेल 'टायपिंग चुकलंय'.

शिरोरेषेचं दुखणं वर आलंच आहे. रोमन अक्षराच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा असते, म्हणून मातृकेची भिंत जाड ठेवता येते. देवनागरीत शिरोरेषा कडेपर्यंत न्यावी लागते, त्यामुळे तिथली भिंत आधीच नाजूक. म्हणजे त्याच वापरात देवनागरी संच इंग्रजी संचाच्या आधी मरतो.

आता एक गोष्ट, जी विकणारा कधीच सांगत नाही. एका चॅनेलमध्ये साधारण २० मातृका असतात. मशीन चालू असताना तीन ओळी एकाच वेळी फिरत असतात: एक जुळतेय, एक ओततेय, एक परत जातेय. म्हणजे एका ओळीच्या वाट्याला त्या अक्षराच्या सहा-सात मातृका. ज्या संचात ग, त, न, प, म, स अशी अक्षरं अर्धं अक्षर अधिक काना अशी जुळवली जातात, तिथे काना ओळीच्या मध्यातच संपतो. 'महाराष्ट्रातल्या नामवंत' एवढ्यातच काय होईल ते मोजून पाहा. ऑपरेटर थांबतो, मातृका परत येण्याची वाट बघतो, आणि मिनिटाला सहा ओळींच्या तीन होतात. संच पाहताना कान्याला दोन चॅनेल दिलेले आहेत का, हा प्रश्न पहिल्या पाचांत असू द्या.

दुरुस्तीचंही तेच. एक वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ करायची तर अख्खी ओळ नव्याने ओतायची, आणि नव्या ओळीत नवी चूक झाली नाही ना हे पुन्हा तपासायचं. वर चुकीची जुनी ओळ काढण्याऐवजी शेजारची चांगली काढली गेली, असंही होतं. मुद्रितशोधक शुद्धलेखनाला कडक असेल तर लायनोवर काम दुप्पट.

दुसरं काय घेता येईल

मोनोटाइप मराठीला जास्त मानवतं. टॉलबर्ट लॅन्स्टनने १८८७ मध्ये पेटंट घेतलेल्या या पद्धतीत कीबोर्ड वेगळा, ओतणारं यंत्र वेगळं. कीबोर्डवर कागदी रिळाला भोकं पडतात, ते रीळ ओतणाऱ्या यंत्रात उलट्या टोकाने जातं, म्हणून ओळीतल्या जागा किती रुंद हे यंत्राला अक्षरांच्या आधी कळतं. मातृकांची चौकट १५ बाय १५, म्हणजे २२५ अक्षरांची. नंतर ती २७२ पर्यंत वाढली. प्रत्येक खिळा सुटा ओतला जातो, त्यामुळे अक्षराचा भाग खिळ्याबाहेर थोडा झुकवता येतो आणि चूक चिमट्याने एकेका खिळ्याची सुधारता येते. पण दोन यंत्रं, दोन माणसं, वर दाबाच्या हवेचा कॉम्प्रेसर. धातूत कथील-अँटिमनी जास्त, पॉट ३५० अंशांच्या आसपास. आणि पावसाळ्यात कागद ओलाव्याने फुगला की भोकं पिनांना जुळत नाहीत, भलतीच अक्षरं पडतात. रीळ बंद डब्यात ठेवायचं, शक्यतो त्याच दिवशी ओतायचं.

इंग्रजी हेडिंग, कार्ड, लेटरहेड एवढंच करायचं असेल तर लडलो हे ओळी ओतणारं साधं यंत्र पाहा. मातृका हाताने स्टिकमध्ये, म्हणजे जुळणीच्या पट्टीत, जुळवायच्या आणि २२½ एमची स्लग ओतायची. कीबोर्ड नाही, मॅगझिन नाही, बिघडायला फारसं काही नाही. जागा अर्धी.

लग्नपत्रिका नि शुभेच्छापत्रं मराठीत, लेटरप्रेसचा उठाव हवा, एवढीच गरज असेल तर संगणकावर जुळवून पॉलिमर प्लेट करून घ्या. आम्हाला गरम धातूचं प्रेम कितीही असलं तरी गिऱ्हाइकाच्या पैशाने ते करू नये.

जागा आणि वाहतूक

मशीन दीड टनाच्या आसपास, उंची सात फूट, आणि वजन वरच्या बाजूला. जुन्या नाशकातल्या वाड्याच्या माडीवर ते चढवायचा विचारसुद्धा नको. तळमजला, पक्का काँक्रीट पाया, मागच्या बाजूला माणूस उभा राहून काम करू शकेल एवढी मोकळी जागा. पॉटच्या वर हवा बाहेर फेकणारा पंखा. लेव्हल पाण्याच्या नळीने नाही, मशिनिस्टच्या स्पिरिट लेव्हलने. मातृका घरंगळून येतात, तेव्हा मॅगझिन एका बाजूला कललं तर त्या बाजूची अक्षरं उशिरा पडतात आणि शब्दात अक्षरांची अदलाबदल होते. कीबोर्ड बिघडला असं वाटतं, बिघडलेला पाया असतो.

हलवण्याआधी पॉट गरम असतानाच प्लंजर काढून धातू उपसून घ्यायचा. भरलेला पॉट रस्त्यात हिसके खातो आणि क्रूसिबलला तडा जातो. मॅगझिन काढून, तोंडाला पट्टी लावून, सपाट ठेवून न्यायची. क्रेनचा पट्टा बैठकीखालून घ्यायचा, डिस्ट्रिब्युटरच्या हाताला कधीच नाही. स्पेसबँड आणि साचे टेम्पोत नकोत, ते ग्राफाइट लावून कापडात गुंडाळून स्वतःच्या गाडीत घ्या. आणि मळीचा डबा विकणाऱ्याकडेच राहू द्या; तो अधिकृत शिसे-पुनर्वापरवाल्याकडे पोचवणं त्याचं काम, तुमच्या गाडीत तुमच्या पैशाने आणायची ती वस्तू नव्हे.